येळवशीनंतरचा हात

आजारी बाईला भेटायला येऊन "तब्येत सुधारली की हो, अंग धरलंय," म्हणणाऱ्यांना मी आता चहा विचारत नाही. पूर्वी विचारायचे. लातूरच्या आमच्या गल्लीत माझं नाव तुसडी म्हणून झालंय आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. ज्याला ते अंग धरणं म्हणत होते तो माझा उजवा हात होता. तो सुजत होता आणि लोक माझं अभिनंदन करत होते.

कॅन्सर उजव्या स्तनाचा. ऑपरेशन नांदेडला झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. मग केमो, मग रेडिएशन. आमच्याकडे रेडिएशनला शेक म्हणतात आणि कुणाला सांगायचं झालं तर आवाज खाली करून सांगतात. सगळं आटोपलं, केस परत आले, मी औशाच्या शाळेत पुन्हा शिकवायला लागले. लोकांच्या लेखी गोष्ट तिथं संपली. "सुटलीस बाई," म्हणून जो तो आपापल्या घरी गेला, आणि मीही स्वतःला सुटलेली समजून एसटीचा पास काढला.

नांदेडच्या दवाखान्यात शेवटच्या दिवशी व्यायाम शिकवणाऱ्या मुलीनं मला बाजूला बसवलं होतं. फिजिओथेरपिस्ट होती ती, माझ्या हाताखालून शिकून गेलेली असावी इतकी लहान. म्हणाली, "मॅडम, गाठी काढल्यामुळे या हातातल्या पाण्याची वाट अरुंद झालीय. पाणी साचू शकतं. पुढच्या महिन्यात साचेल, नाहीतर कितीतरी वर्षांनी, किंवा कधीच नाही. हात जड वाटला, अंगठी नाहीतर बाही घट्ट झाली, कातडी ताणल्यासारखी वाटली, बोटानं दाबल्यावर खड्डा राहिला, तर दुखायची वाट बघू नका. सुरुवातीला दुखत नाही. लगेच या. आणि या हाताला भाजू देऊ नका, कापू देऊ नका. कातडी उघडली की जंतू आत शिरतात, मग हात लाल होतो, ताप भरतो, अन् काम अवघड होऊन बसतं." माझे यजमान शेजारी बसून मान डोलवत होते. कीर्तनातही ते अशीच डोलवतात आणि घरी आल्यावर बुवा काय बोलले ते त्यांना सांगता येत नाही.

आता आक्का. आक्का म्हणजे यजमानांची थोरली बहीण. उदगीरकडच्या खेड्यात नांदल्या, आयुष्यभर रान केलं, नवरा गेल्यावर काही वर्षांनी आमच्याकडे राहायला आल्या. येताना एक पत्र्याची पेटी आणली, तिच्यात लुगडी थोडी आणि औषधं जास्त. करडईचं तेल, ओवा, शेकायची विटकर, आणि एका डबीत बिब्बे. पहिल्या दिवसापासून आमचं पटलं नाही. मी त्यांच्या मते मास्तरीण, म्हणजे शिष्ट. त्या माझ्या मते कुणी न विचारता बोलणाऱ्या. माझी केमो चालू असताना भेटायला आलेल्या बायकांना त्या दारातच सांगायच्या, "आमच्या घराण्यात कुणालाच न्हाई बघा हे." मी आतल्या खोलीत बादलीत ओकत असायचे आणि मला प्रत्येक शब्द ऐकू यायचा. माझ्यासाठी मऊ भात त्याच करत होत्या, त्यामुळे मला उलट बोलताही येत नव्हतं. त्या भाताचा मला फार राग यायचा.

हाताचं सुरू झालं ते दिवाळीनंतर. फळ्याच्या वरच्या भागात तारीख आणि सुविचार लिहायचा असतो, तो लिहून झाला की हात खाली आणल्यावर बरं वाटायचं. दुखत नव्हतं. फक्त हात आहे याची सारखी जाणीव राहायची, आणि निरोगी माणसाला आपल्या हाताची अशी जाणीव नसते. संध्याकाळी ब्लाऊज काढला की उजव्या दंडावर बाहीचा वळ दिसायचा, डाव्यावर नाही. सकाळी उठून बघावं तर वळ नाही, जडपणा नाही, काही नाही. या दुखण्याची खोड अशी की ते दिवसभर येतं आणि झोपून उठलं की गायब होतं. मी यजमानांना दाखवायचे ते सकाळी, त्यांना वेळ असायचा तेव्हा. ते चष्मा लावून दोन्ही हात बघायचे आणि म्हणायचे, "मला तर काही दिसत नाही."

एकदा म्हणाले, दोनदा म्हणाले. मग मीच मनाशी म्हणू लागले की टेलरनं बाही आवळून शिवली असेल. हे असं मनाशी म्हणणं फार सोपं असतं. नांदेडला पुन्हा जायचं, त्या रांगेत पुन्हा बसायचं, फाईल पुन्हा पिशवीत घालायची, या सगळ्यापेक्षा टेलरला नावं ठेवणं परवडतं. गल्लीतल्या डॉक्टरांना मी एकदा ओझरतं विचारलं. त्यांनी मोबाईलवरची नजर न काढता वजन कमी करा असं सांगितलं.

मग येळवस आली. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला लातुरात कुत्रंसुद्धा रस्त्यावर राहत नाही, सगळे आपापल्या नाहीतर दुसऱ्याच्या शेतात असतात. शहरातला वकील असो की हमाल, त्या दिवशी कुणाच्या तरी बांधावर बसून भज्जी खातोच. आमचं रान शिरूर अनंतपाळच्या बाजूला आहे. आदल्या दिवसापासून भज्जीची तयारी चालते. हरभरा, तूर, वाटाणा, शेंगदाणे, सगळ्या पालेभाज्या आणि चिंच, हे बेसन लावून मोठ्या पातेल्यात घोटायचं. घोटायचं काम आमच्या घरी सुनेचं. आक्का म्हणाल्या, "औंदा मी घोटते, तू ऱ्हाऊ दे." त्यांनी ते अशा सुरात म्हटलं की मी पळी त्यांच्या हातातून काढून घेतली. आजारी म्हणून बाजूला बसायचं मला नको होतं. त्यांच्याकडून तर नकोच होतं.

दुसऱ्या दिवशी शेतात कडब्याची कोप म्हणजे खोपटी केली, आत पाच दगडांचे पांडव मांडले, पूजा झाली, यजमानांनी आंबील शिंपडत रानाला फेरी मारली. जेवणं झाल्यावर मी कोपीच्या सावलीला बसले आणि हात धुताना अंगठी फिरवायला गेले. फिरली नाही. माझ्या आईनं दिलेली साधी अंगठी, उजव्या हातातली, कामाच्या वेळी मी ती सहज काढून ठेवायची. बोट तोंडानं ओलं केलं, अंगठी ओढली, नाही निघाली. मग मला त्या मुलीचं बोलणं आठवलं. मनगटाच्या वर अंगठ्यानं दाबलं, थोडा वेळ धरलं आणि सोडलं. खड्डा तसाच राहिला. डाव्या हातावर दाबून बघितलं, तिथं लगेच भरून आलं. उजव्यावरचा खड्डा मी बघत बसले. समोर पोरंठोरं खेळत होती, शेजारच्या रानातून हाका येत होत्या. ऑपरेशनच्या दिवशीही वाटली नव्हती अशी भीती मला वाटली. तेव्हा काय होणार ते माहीत नव्हतं. आता माहीत होतं, दवाखान्याच्या रांगेत मी असे हात पाहिले होते, मांडीवर वेगळे ठेवलेले, ओढणीनं झाकलेले.

मी यजमानांना म्हटलं, "उद्या नांदेडला जायचंय." त्यांनी विचारायच्या आत आक्कांनी माझा हात उचलून बघितला आणि निकाल दिला. "भज्जी घोटून हात भरलाय. कशाचं नांदेड अन् कशाचं काय. बिब्बा घालते, दोन दिसात उतरतंय."

बिब्बा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. काळं, टणक फळ असतं. सुईला टोचून दिव्यावर धरलं की त्याचं तेल सुटतं, त्या तेलाच्या फुल्या दुखऱ्या जागेवर काढतात. मुरगळलं, लचकलं, टाच भेगाळली, आमच्याकडे बिब्बाच. कुणाला सोसतो, कुणाच्या अंगावर उततो, म्हणजे कातडीवर फोड येतात, पाणी सुटतं, खाजून खाजून जीव जातो. आक्कांनी उभ्या जन्मात असंख्य गुडघे आणि कमरा बिब्ब्यानं बऱ्या केल्या होत्या आणि ज्यांना उतला त्यांची आठवण त्यांना नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाईल शोधत होते तेव्हा स्वयंपाकघरातून तो वास आला. आक्कांनी निरांजन लावलं होतं, सुई तयार होती. म्हणाल्या, "बस हितं."

मी म्हटलं, "आक्का, या हाताला भाजायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय."

"तिथं शेक घ्यायला नांदेडला चकरा मारल्यास अन् घरचा शेक नको? त्यांनी चामडी काळी केली ती चालती तुला."

"ते वेगळं होतं."

"हाव, वेगळंच आसतंय. पैशाचं आसलं की वेगळंच आसतंय."

मी यजमानांकडे बघितलं. ते दारात उभे होते, एक पाय आत, एक पाय बाहेर, त्यांचं सगळं आयुष्य तसंच गेलंय. म्हणाले, "एवढुशी फुली तर काढायचीय. काढून घे. तिचं मन राहील."

माझ्या आत जे काही बरेच दिवस दबून होतं ते तेव्हा वर आलं. मन राहील. हात माझा, त्यातलं पाणी माझं, उतला तर फोड माझे, ताप मला, आणि मन राहायचं कुणाचं तर आक्कांचं. मी सुईसकट बिब्बा उचलला, खिडकी उघडली आणि बाहेर गटारात फेकून दिला. मग ओट्यावर ठेवलेली बिब्ब्यांची डबी उचलून तीही फेकली. आक्का दिवा फुंकून उठल्या, आपल्या पेटीवर जाऊन बसल्या आणि माझ्याशी बोलणं बंद झालं. यजमान म्हणाले, "एवढं करायची काय गरज होती?" मी फाईल पिशवीत घातली आणि एकटीच बसस्टँडवर गेले.

अहमदपूर, लोहा करत एसटी नांदेडला पोचेपर्यंत मी उजवा हात पुढच्या सीटच्या दांडीवर उंच धरून बसले होते. त्यानं काही मोठं होणार नव्हतं, पण काहीतरी करत राहणं मला भाग होतं. शेजारच्या बाईनं विचारलं, हाताला काय झालं. मी म्हटलं, काही नाही. ती पुढचं विचारणार होती, मी खिडकीकडे तोंड केलं.

तीच मुलगी होती. तिनं टेप घेऊन दोन्ही हात मापले, पंजा, मनगट, कोपराखाली, कोपरावर. खांदा फिरवून बघितला, काखेत चाचपलं, डॉक्टरांना बोलावून दाखवलं, दुसरं काही नाही ना याची तपासणी करून घेतली. मग म्हणाली, "लवकर आलात. फरक थोडाच आहे, मांस अजून मऊ आहे. हे उतरू शकतं."

"म्हणजे बरं होईल."

"उतरेल. पण सांभाळावं लागेल."

"किती दिवस?"

"आयुष्यभर, मॅडम."

तिनं ते गोड आवाजात सांगितलं, म्हणून मला ते जास्त लागलं. मी विचारलं, हे येळवशीच्या कामानं झालं का. ती म्हणाली, आधीपासून सुरूच असणार, त्या दिवशी नजरेत आलं इतकंच. बिब्ब्याचंही मी सांगितलं. तिचा चेहरा बदलला. "अशा एक-दोघी येतात दर वर्षी," ती म्हणाली. "फोड आलेले, हात लालबुंद, ताप. फेकलात ते फार चांगलं केलंत." हे ऐकून मला जो आनंद झाला तो काही चांगल्या जातीचा नव्हता. परतीच्या वाटेवर हे वाक्य आक्कांना कसं ऐकवायचं याची मी मनात तयारी केली.

पण त्या आधी तिनं पट्ट्या काढल्या. खाली मऊ कापूस गुंडाळायचा, बोटं सुटी बांधायची, मग पंजापासून काखेपर्यंत पट्टी. पंजाला घट्ट, वर जाईल तशी सैल. रोज सोडायची, रोज पुन्हा बांधायची, काही आठवडे. सूज उतरली की हाताच्या मापाची घट्ट बाही मिळते, ती घालायची. "हे डाव्या हातानं तुम्हाला नीट जमणार नाही," ती म्हणाली. "घरातलं कुणीतरी शिकायला घेऊन या."

घरातलं कुणीतरी म्हणजे यजमान. ते आले, शिकले, मान डोलवली. घरी त्यांनी बांधलेली पहिली पट्टी मी औशाला पोचेपर्यंत कोपरावर गोळा झाली होती. दुसरी त्यांनी अशी आवळली की बोटं निळसर पडली आणि मी वर्गातच ती सोडली. तिसऱ्या सकाळी ते पट्टी हातात घेऊन टोक शोधत होते. आक्का समोर गहू निवडत बसल्या होत्या. इतके दिवस त्यांनी माझ्यासमोर तोंड उघडलं नव्हतं. त्या भावाला म्हणाल्या, "पेंढी बांधायलास का गठुडं?"

सूप बाजूला सरकवून, लुगड्याला हात पुसून त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. मला विचारलं नाही. माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि भावाला म्हणाल्या, "कसं सांगितलंय त्या पोरीनं?" सांगितलं मी. पंजाला घट्ट, वर सैल. त्या म्हणाल्या, "मंग आसंच की. कडब्याची पेंढी बुडाला आवळायची, शेंड्याला न्हाई. शेंडा आवळला की मोडतंय." आणि त्यांनी बांधली. सगळ्या घड्या एकसारख्या, कुठं सुरकुती नाही. संध्याकाळपर्यंत पट्टी जागची हलली नाही.

मी मनापासून सांगते, मला ते आवडलं नाही. यजमानांना जमलं असतं तर मी सुखी झाले असते. ज्या बाईची डबी मी गटारात टाकली तिच्या मांडीवर रोज सकाळी हात ठेवायचा आणि ती म्हणेल तेव्हा हलायचं नाही. आणि आक्का ती संधी सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. बोटांना कापूस लावताना त्या माझ्या आमटीतलं मीठ काढायच्या, मनगटाला आल्या की माझं माहेर, आणि कोपराच्या वर हमखास बिब्बा. "घातला आसता तर आतापातूर हात मोकळा झाला आसता." मी नांदेडच्या मुलीचं वाक्य त्यांना शब्दन्शब्द ऐकवलं. त्या म्हणाल्या, "तिला काय ठावं. तिचं वय काय, बोलणं काय." मी म्हटलं, वयानं अक्कल येत असती तर बरं झालं असतं. त्यांनी पट्टी जराशी आवळली. मी म्हटलं, बोटं निळी पडतील. त्यांनी सैल केली. अशा आमच्या सकाळी जात होत्या. यजमान त्या वेळात दूध आणायला जायचे आणि उशिरा यायचे.

हात उतरला, अंगठी पुन्हा फिरायला लागली. नांदेडला टेपनं मापलं तेव्हा त्या मुलीनं पट्टी कोण बांधतं ते विचारलं. मी म्हटलं, घरातलं कुणीतरी. घट्ट बाही मिळाली, कातडीच्या रंगाची, उन्हाळ्यात अंगाची काहिली करणारी. वर्गातली पोरं विचारायची, बाई क्रिकेट खेळता का. हे मला गल्लीतल्या चौकशांपेक्षा बरं वाटायचं. पट्ट्या धुऊन, गुंडाळ्या करून आक्कांनी आपल्या पेटीत ठेवल्या, बिब्ब्याच्या जागी. माझ्या वस्तू त्यांच्या पेटीत हेही मला खुपायचं, पण सकाळची ती मांडी सुटली होती, त्यात मी खूश होते. आमचं बोलणं पुन्हा कामापुरतं झालं.

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली. गच्चीवर कुरडया घालायचं काम निघालं, ऊन असं की फरशीवर पाय ठरत नव्हता. ती घट्ट बाही मी काढून ठेवली होती, एवढ्या उन्हात कोण घालणार. चार-पाच दिवस तसेच गेले असतील. एका सकाळी आक्कांनी मला चहाचा कप दिला आणि मी तो घेताना त्यांनी कप सोडलाच नाही. माझ्या बोटांकडे बघत होत्या. मग कप खाली ठेवला, माझं मनगट धरलं आणि अंगठ्यानं दाबलं. दाबून धरलं, सोडलं, वाकून बघत राहिल्या. असं दाबून बघायला त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पट्टी बांधायच्या आधी मी रोज दाबून बघायचे, ते पाहूनच त्या शिकल्या असणार.

"अंगठी रुतून राहिली," त्या म्हणाल्या. "खड्डा बी हाय."

मी हात काढून घेतला. उन्हानं होतंय म्हटलं. रात्री कुशीवर झोपले असेन म्हटलं. मग हात उजेडाकडे धरून मी म्हटलं, "मला तर काही दिसत नाही."

यजमान पेपर वाचत होते. त्यांनी पेपरच्या वरून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली बघितलं. आक्का उठल्या, पेटी उघडली, पट्ट्या घेऊन आल्या आणि माझ्यासमोर मांडी घालून बसल्या. "उद्या नांदेडला जाय," म्हणाल्या, "आज मी बांधते." चहा निवत होता. माझ्या आधी त्यांना दिसलं याचा मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते बघितलं आणि वाट बघत बसून राहिल्या. मी अंगठी काढायला गेले, निघेना, तेव्हा त्यांनीच करडईचं तेल लावून ती हळूहळू फिरवत काढली आणि आपल्या पदराच्या गाठीत बांधून ठेवली. मग मी हात पुढे केला.